बेदाण्याचं शेड : काम कुठून धरायचं?

प्रश्न : तासगावजवळ द्राक्षं वाळवून बेदाणा करायला शेड बांधायचंय, द्राक्षाचा माल फेब्रुवारीत निघेल. प्रकल्प व्यवस्थापनाच्या पुस्तकात कामाचे सुरुवात, नियोजन, अंमलबजावणी, देखरेख, समारोप असे ५ टप्पे दिलेत. प्रत्यक्षात कसं जमवता?

उत्तर : दादा, तारीख उलटी मोजा. जानेवारीअखेर माल वाळत घालायच्या जाळ्या ताणलेल्या पाहिजेत. द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीत माणसं मिळत नाहीत, म्हणून खांबांचे खड्डे त्याआधीच घ्या. मी हेच विसरलो. वेल्डर दारात आणि खांबांचा पत्ता नाही! चहा पाजून परत धाडला, हजेरी द्यावीच लागली.

उत्तर : देखरेख शेवटी करायची नसते हो. पहिल्या खड्ड्यापासून रोज वहीत लिहा.

प्रश्नकर्ता : आणि समारोप?

उत्तर : जाळीवर ओला माल टाकून बघा, मगच शेवटचं बिल. आमची मधोमध झोळीसारखी लोंबली, तोवर पैसे देऊन बसलो होतो.