मदत हवी आहे: खाणं कमी केलं, उपाशीपोटीचं इन्सुलिन निम्म्यावर आलं. स्वादुपिंड थकलं का?

प्रश्न (सोलापूर): वडील, वय ५४, टाइप २ मधुमेह ३ वर्षं. मेटफॉर्मिन ५०० दोनदा, ग्लिमेपिराइड १ मिग्रॅ सकाळी. सहा आठवडे रोज साधारण १२०० कॅलरी. वजन ८४ वरून ७८ किलो, उपाशीपोटी साखर १४२ वरून १०४, इन्सुलिन १८ वरून ८. जेवायच्या आधी कधी घाम सुटतो, हात थरथरतात. डाएट थांबवावं का?

पहिलं उत्तर: इन्सुलिनचं नंतर, आधी तो घाम. ग्लिमेपिराइड साखर कमी असतानाही स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. खाणं घटलं, गोळी तेवढीच राहिली, की साखर कोसळते. त्याच क्षणी ग्लुकोमीटरवर मोजा. ७० च्या खाली असेल तर तीन लहान चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा मोजा. डोस कमी करायचा की गोळी बंद, हे डॉक्टरांना आजच विचारा. बीपीची गोळी असेल तर तीही सांगा. इन्सुलिन उतरलं की मूत्रपिंडं जास्त मीठ बाहेर टाकतात आणि बीपी खाली येतं.

आता आकडे. साखर गुणिले इन्सुलिन भागिले ४०५ करा. शरीर इन्सुलिनला किती विरोध करतं, त्याचा हा अंदाज; जितका कमी तितकं बरं: आधी ६.३, आता २.१. स्वादुपिंड थकलं असतं तर इन्सुलिन उतरताना साखर चढली असती. इथे दोन्ही उतरलेत, म्हणजे यकृतातली चरबी कमी होऊन थोड्या इन्सुलिनवर काम भागतंय.

दुसरं उत्तर: सहमत. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल विद्यापीठाच्या २०११ च्या अभ्यासात रोज ६०० कॅलरीवर (घरी हे करू नका) उपाशीपोटीची साखर आठवड्याभरातच नॉर्मल झाली. ग्लुकोज मिळताच इन्सुलिनचा जो पहिला झटका यायला हवा, तो परतायला मात्र आठ आठवडे लागले. तोवर स्वादुपिंडातली चरबी ८ वरून ६.२ टक्क्यांवर आली होती. मधुमेह जितका जुना, तितकी ही आशा कमी. तीन वर्षं म्हणजे वेळ अजून हातात आहे, म्हणून डाएट सोडू नका.

स्वादुपिंडाची क्षमता बघायचीच तर डॉक्टरांना विचारून सी-पेप्टाइड (स्वादुपिंड स्वतः किती इन्सुलिन बनवतं ते सांगणारी रक्ततपासणी) करा, सोबत त्याच वेळची साखर. ग्लुकोज पाजून तपासणी ठरली तर आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जाऊ द्या. नाहीतर उपासाला सरावलेलं स्वादुपिंड उशिरा जागं होतं आणि रिपोर्ट उगाच वाईट येतो.

आता १२०० कॅलरीच्या हिशेबाचं: भाकरी मोजताना पीठ मोजा. कडक भाकरी हातात हलकी लागते, पण ५० ग्रॅम पिठाच्या साधारण १७० कॅलरी तशाच राहतात. शेंगाचटणी धरली का? २५ ग्रॅम दाण्यांच्या १४० होतात.