४३ दिवसांची 'पगारी सुट्टी' म्हणणाऱ्यांनी हे वाचा

मेरीलँडवाली :
परवा 'सडेतोड' यांनी लिहिलं, की अमेरिकेतल्या सरकारी नोकरांना २०२५ च्या शटडाऊनमध्ये (खर्चाला संसदेची मंजुरी नाही म्हणून सरकारी कचेऱ्या बंद) ४३ दिवस घरी बसून पूर्ण पगार मिळाला, मग गळा कशाला काढायचा; आम्हाला कोणी अशी पगारी सुट्टी दिली तर आम्ही पेढे वाटू. खाली लाइकचा पाऊस. दोन ओळींत उत्तर देऊन भागणार नव्हतं, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझा नवरा केंद्र सरकारच्या एका प्रयोगशाळेत आहे. १ ऑक्टोबरला सकाळी फर्लोची, म्हणजे सक्तीच्या बिनपगारी रजेची, नोटीस हातात ठेवली आणि दुपारच्या आत घरी पाठवलं. त्यानंतर कामाचा लॅपटॉप उघडायचा नाही, ईमेलसुद्धा बघायचं नाही. फुकट काम करतो म्हटलं तरी कायद्याने बंदी. फ्रीजरमधले नमुने कोण बघतंय, हे विचारायलाही कोणाला फोन करता येत नव्हता.

पूर्ण पगार मिळाला, हे तुम्ही आज नोव्हेंबर संपत आल्यावर म्हणताय. ऑक्टोबरात ते कोणाला ठाऊक होतं? २०१९ चा कायदा म्हणतो, शटडाऊन संपलं की मागचा पगार द्यायचा. पण पहिल्याच आठवड्यात व्हाइट हाउसच्या बजेट ऑफिसचा मसुदा बाहेर आला, की फर्लोवर असलेल्यांना तो आपोआप मिळत नाही, काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) वेगळी तरतूद करायला हवी. १० तारखेला हजारो लोकांना नोकरीवरून काढण्याच्या नोटिसा निघाल्या. कोर्टाने त्या थांबवल्या खऱ्या, पण तोवर घरात सगळ्यांची झोप उडाली होती. सुट्टीवरच्या माणसाला आपली नोकरी उरलीय की नाही हे रोज बातम्यांत शोधावं लागत नाही.

ऑक्टोबरच्या मध्याला अर्धामुर्धा पगार आला, सप्टेंबरअखेरपर्यंतचा. त्यापुढची पगाराची स्लिप आली तेव्हा हातात येणाऱ्या रकमेसमोर शून्य. लेक बाबाबरोबर घरीच होता, तरी डेकेअरची फी भरली, कारण जागा सोडली तर परत मिळायचा भरवसा नाही. घराच्या कर्जवाल्यांना हप्ता पुढे ढकलायची विनंती केली, त्यांनी फॉर्म पाठवला. त्यात 'कामावर परत कधी रुजू होणार' हा रकाना सक्तीचा. तारीख टाकल्याशिवाय फॉर्म पुढेच सरकेना. कुठली तारीख टाकायची? सिनेटलाही माहीत नव्हती ती.

सडेतोड :
माझ्या नावाने धागा काढलात म्हणून सविस्तर लिहितो. तुमच्या घरच्या ताणाबद्दल वाईट वाटलं, पण मुद्दा बदलत नाही. मी न्यू जर्सीत खाजगी कंपनीत आहे. मागच्या वर्षी एका सकाळी ईमेल आलं आणि दुपारपर्यंत माझ्या टीममधली निम्मी माणसं गेली. त्यांना मागचा पगार देणारा कुठला कायदा आहे? त्यांचा आरोग्य विमा महिनाअखेरीस बंद झाला. तुमचा शटडाऊनभर चालू होता, हे लिहायचं राहिलं का?

आणि बचत नावाची गोष्ट असते. दोघं कमावते, मेरीलँडमध्ये स्वतःचं घर, आणि एक पगार चुकला की हलकल्लोळ? आमच्या आईवडिलांनी तुटपुंज्या पगारात सहा महिन्यांची सोय बाजूला ठेवली होती.

मेरीलँडवाली :
विमा चालू होता, मान्य. त्याचे थकलेले हप्ते नंतरच्या पगारातून एकदम कापले गेले, हेही लिहा.

दोघं कमावते हे तुम्ही कुठून काढलंत? मी लेक झाल्यापासून अर्धवेळ काम करते. बचतही होती, त्यावरच निभावलं. पण माझं सोडा. आमच्या खालच्या मजल्यावर राहणारी बाई विमानतळावर सुरक्षा तपासणीला आहे. तिला 'अत्यावश्यक' म्हणून रोज कामावर जावं लागलं, बिनपगारी. एकटी आई, दोन मुलं. पहाटेची पाळी करायची आणि संध्याकाळी घरोघरी जेवणाच्या ऑर्डरी पोचवायच्या. दिवाळीला फराळाचा डबा घेऊन गेले तेव्हा तिने आधी विचारलं, हे फ्रीजबाहेर किती दिवस टिकतं. तिला सहा महिन्यांच्या बचतीचं तुम्हीच जाऊन सांगा.

सडेतोड :
जे कामावर गेले त्यांच्याबद्दल मी बोललोच नव्हतो. त्यांच्यावर अन्याय झाला, हे घ्या, लिहून देतो. घरी बसलेल्यांबद्दलचं माझं मत कायम आहे. न केलेल्या कामाचा पगार माझ्या करातून गेला.

निवृत्त_कारकून :
साताऱ्याहून लिहितो. १९७७-७८ च्या राज्य सरकारी कर्मचाऱ्यांच्या ५४ दिवसांच्या संपात मी होतो. नोकरी नवीन, लग्न ठरलेलं. पगार नाही म्हणजे काय, ते आम्हाला कोणी शिकवायला नको. वाण्याने उधारी लिहून ठेवली म्हणून घर चाललं, आणि सासरेबुवांनी लग्न पुढे ढकललं. पण आम्ही रस्त्यावर उतरलो होतो, मान खाली घालून बिनपगारी कामावर नव्हतो गेलो. तुमच्या त्या विमानतळवाल्यांनी चार दिवस हत्यार खाली ठेवलं असतं तर सरकार आठवड्यात ताळ्यावर आलं असतं. एवढी माणसं आणि एक संप करता येत नाही?

मेरीलँडवाली :
काका, तुमच्याबद्दल आदर आहे, पण इथे केंद्र सरकारच्या नोकराने संप करणं हा गुन्हा आहे. १९८१ मध्ये हवाई वाहतूक नियंत्रकांनी केला होता. तेव्हाचे अध्यक्ष रेगन यांनी ४८ तासांची मुदत दिली आणि ११ हजारांहून जास्त लोकांना घरी बसवलं. वर केंद्र सरकारची नोकरी त्यांना कायमची बंद केली, ती बंदी क्लिंटन आल्यावर उठली. संपाचं नाव काढलं की जुनी माणसं आजही हीच गोष्ट सांगतात.

कायद्याचं_बोला :
काकांचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. २५ जानेवारी २०१९ ला पुरेसे नियंत्रक कामावर नव्हते म्हणून न्यूयॉर्कच्या लाग्वार्डियाला येणारी विमानं रोखावी लागली आणि त्याच दिवशी ३५ दिवसांचं शटडाऊन मिटलं. यंदाही ७ नोव्हेंबरपासून ४० विमानतळांवरची उड्डाणं कमी केली आणि पाच दिवसांत तोडगा निघाला. नोकरांचे हाल महिनाभर दिसले नाहीत, विमानं रद्द झाल्यावर दिसले.

आणखी एक. हे शटडाऊन काही राज्यघटनेत लिहिलेलं नाही. मंजुरीशिवाय खर्च करायचा नाही हा कायदा १९ व्या शतकातला, पण तेव्हा निधीत खंड पडला तरी कचेऱ्या चालू राहायच्या. १९८० मध्ये ॲटर्नी जनरल सिव्हिलेटी यांनी कडक अर्थ लावला आणि तिथून कचेऱ्यांना टाळं ठोकायला सुरुवात झाली. आपल्याकडे अर्थसंकल्प लांबला तर लेखानुदान (तात्पुरत्या खर्चाची मंजुरी) घेतात, आणि लोकसभेत तो पडलाच तर सरकार पायउतार होतं. इथे खासदारांचा पगार चालू आणि कारकुनाचा बंद.

बेंचवरचा :
सगळं वाचलं. एवढ्या प्रतिसादांत कंत्राटी माणसाचा एक शब्द नाही. मी व्हर्जिनियात एका सरकारी खात्याच्या सॉफ्टवेअरवर काम करतो, पण कंपनीतर्फे. त्याच मजल्यावर, त्याच मीटिंगमध्ये, गळ्यातल्या बॅजचा रंग तेवढा वेगळा. ऑक्टोबरात काम थांबवायचा आदेश आला. कंपनीने आधी साठवलेल्या रजा वापरायला लावल्या. त्या संपल्यावर बिनपगारी. २०१९ चा कायदा आम्हाला लागू नाही. ४३ दिवसांचा मागचा पगार सगळ्यांना मिळाला म्हणता, मला एक डॉलर मिळाला नाही, आणि रजाही गेल्या. डिसेंबरात आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नाशिकला जायचं होतं, ते तिकीट रद्द केलं.

मेरीलँडवाली, तुमचं दुःख खरं आहे. पण तुमच्या घरी पैसे आले.

सडेतोड :
एच-१बी या कामाच्या व्हिसावर असाल तर कंपनीला पगार द्यावाच लागतो, काम नसलं तरी. बेंचवर बिनपगारी ठेवणं बेकायदा आहे. तक्रार करा.

बेंचवरचा :
मी ग्रीन कार्डवर आहे, मला ते संरक्षण नाही. माझ्या बाजूचा मुलगा एच-१बीवर, त्याला कंपनीने पगार दिला, पण लगेच दुसरं प्रोजेक्ट शोध म्हणून मागे लागले. आणि तो शोधणार कसा? कामगार खात्याचं एलसीएचं (व्हिसाच्या अर्जाआधी लागणाऱ्या मंजुरीचं) काम १ ऑक्टोबरपासून ठप्प, ते महिनाअखेरीस सुरू झालं. एलसीए नाही म्हणजे नव्या कंपनीला त्याचा अर्जच भरता येत नाही. महिनाभर दार दोन्हीकडून बंद.

गोदाकाठची :
आता कंत्राटीचा विषय निघालाच आहे तर अमेरिकेत कशाला जायचं? मी इथे एका सरकारी दवाखान्यात कंत्राटी परिचारिका आहे. दर अकरा महिन्यांनी एक दिवसाचा खंड आणि नवी ऑर्डर. मानधन दोन-दोन, तीन-तीन महिने येत नाही, कारण एकच, 'वरून निधी आला नाही'. काम थांबतं का? बाळंतीण दारात आली की निधी आला का हे विचारत नाही आम्ही. आमच्यासाठी बातम्या होत नाहीत, ४३ दिवसांचा आकडा कोणी मोजत नाही, आणि मागचे पैसे आले तरी व्याज नाही. २०२३ च्या मार्चमध्ये जुन्या पेन्शनसाठी कायमवाले संपावर गेले तेव्हा वॉर्ड आम्ही सांभाळले. आमच्या मागणीच्या वेळी त्यातलं कोण आलं?

निवृत्त_कारकून :
बाई, संपावर बोलू नका. आमच्या पिढीने ५४ दिवस उपाशी काढले म्हणून पुढच्यांना महागाई भत्ता मिळाला.

गोदाकाठची :
काका, तुम्ही मिळवलंत, आणि तुमच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर सरकारने कंत्राटी माणूस बसवला. तेव्हा तुमची संघटना गप्प होती. मला हे बोलायला आवडत नाही, पण खरं आहे.

निवृत्त_कारकून :
गप्प नव्हती, निवेदनं दिली होती. कमी पडलो असू. पण लढलेल्या माणसांवर तोंडसुख घेण्याआधी तो काळ बघायला हवा होता.

सडेतोड :
म्हणजे माझंच म्हणणं सिद्ध होतंय. कायमवाल्यांना कवच आहे, म्हणून त्यांचा आवाज मोठा.

मेरीलँडवाली :
नाही, सिद्ध होत नाहीये. बेंचवरचा आणि गोदाकाठची यांना कवच नाही, म्हणून आमचं काढून घ्या, असं ते दोघंही म्हणत नाहीत. तुम्हीच म्हणताय. आणि हे कवच ऑक्टोबरात एका मसुद्याने हलवलं होतं, ते मी पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय. तुम्ही वाचलं नाहीत.

बेंचवरचा, तुमच्याबद्दल मी आधीच लिहायला हवं होतं हे म्हणणं योग्य आहे. नवऱ्याच्या प्रयोगशाळेची सफाई करणारी, कँटीन चालवणारी माणसंही कंपनीचीच आहेत. त्यांनाही काही मिळालं नाही.

सडेतोड :
वाचलंय. मसुदा मसुदाच राहिला, पैसे मिळाले. आवाज चढवू नका.

बेंचवरचा :
तुम्ही दोघं भांडत बसा. नोव्हेंबरातली मंजुरी बहुतेक खात्यांना ३० जानेवारी २०२६ पर्यंतचीच होती. तोवर माझ्याकडे रजा साठणार नाहीत आणि बचत अर्धी झालीय. सडेतोड, तुम्ही कराच्या पैशाचं बोलता म्हणून सरळ विचारतो : कंत्राटी माणसाला मागचा पगार मिळावा की नाही? हो किंवा नाही.

सडेतोड :
मिळावा. पण कंपनीच्या नफ्यातून, माझ्या करातून नाही.

बेंचवरचा :
कंपनीचा नफा कुठून येतो? सरकार तासाचे जे पैसे देतं त्यातूनच. म्हणजे तुमच्या करातूनच. ठेका देताना करारात एक ओळ घालता येते, की बंदच्या काळात माणसांचा मूळ पगार चालू राहील. काँग्रेसमध्ये तशी विधेयकं २०१९ पासून येतायत आणि पडून राहतायत. माझ्या खासदाराच्या कार्यालयाला मी याच आठवड्यात पत्र टाकलंय. व्हर्जिनिया-मेरीलँडमधल्या ज्यांना मजकूर हवा असेल त्यांनी व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, कायमवाल्यांनीसुद्धा.

मेरीलँडवाली :
मला पाठवा. खालच्या मजल्यावरच्या बाईचीही सही घेते.