मदत हवी आहे: आईचा मधुमेह, गुडघेदुखी आणि दिवसभराचं बसकाम. हालचाल कशी बसवावी?

रानजाई
आईचं वय 62, टाइप 2 मधुमेह. ग्लिमेपिराइड आणि मेटफॉर्मिन चालू आहे. सकाळी सातला चहाबरोबर गोळ्या घेऊन ती 45 मिनिटं चालायला जाते, नाश्ता नऊला. परतताना हात थरथरतात, दरदरून घाम फुटतो. एकदा तेव्हा शुगर 64 निघाली. उलट दुपारी जेवणानंतर ती 230 च्या आसपास असते. बाकीचा दिवस शिवणयंत्रावर जातो (मोटरवालं आहे, पायाचं नाही). जिना उतरताना गुडघे दुखतात, तळपायांना मुंग्या येतात. सकाळचं चालणं बंद करावं का? घरातल्या घरात काय करता येईल?

औदुंबर
चालणं बंद करू नका, त्याची वेळ बदला. ग्लिमेपिराइड पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन बाहेर काढायला लावते. त्याच वेळी चालणारे स्नायू रक्तातली साखर स्वतः ओढून घेत असतात. अनशापोटी या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या की शुगर 70 च्या खाली जाते. ही गोळी नाश्त्याच्या पहिल्या घासाबरोबर घ्यायची आणि चालायला त्यानंतर जायचं. मेटफॉर्मिन एकट्याने सहसा असं करत नाही. तो 64 चा आकडा वेळेसकट लिहून डॉक्टरांना दाखवा, कदाचित डोस कमी करावा लागेल. गोळी आपल्या मनाने मात्र सोडू नका.

खिशात ग्लुकोज पावडर किंवा साखरेची पुडी हवीच. थरथर सुरू झाली की जागेवर थांबायचं, सुमारे 15 ग्रॅम म्हणजे तीन चहाचे चमचे साखर पाण्यातून घ्यायची आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं. तरीही 70 च्या खाली असेल तर पुन्हा तेवढीच. पेढा किंवा चॉकलेट अशा वेळी कामाचं नाही, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उतरायला उशीर होतो. शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, लगेच दवाखाना गाठा. आणि घरातल्या सगळ्यांना हे माहीत असू द्या, कारण तेव्हा आईला स्वतःला नीट सुचत नसतं.

ओटा आणि खुर्ची
दुपारच्या 230 वर सगळ्यात चांगला उपाय जेवणानंतरचं चालणं. शतपावलीची शंभर पावलं मिनिट-दीड मिनिटात संपतात, इथे 10 ते 15 मिनिटं हवीत. जेवण झाल्यावर अर्ध्या तासाच्या आत, दोन्ही वेळा. सकाळी एकदाच 45 मिनिटं चालण्यापेक्षा नाश्ता आणि ही दोन जेवणं यांनंतर 15-15 मिनिटं तुमच्या आईला जास्त मानवतील. आठवड्याला 150 मिनिटं हे नेहमी सांगितलं जाणारं माप त्यात सहज भरतं. सलग दोन दिवस मात्र खाडा नको, व्यायामाने इन्सुलिनला मिळालेला प्रतिसाद एक-दोन दिवसांत ओसरायला लागतो.

शिवणकामात दर अर्ध्या तासाला उठायचं. मोबाइलवर गजर लावा, कारण कापड हातात असलं की वेळेचं भान राहत नाही. उठल्यावर ओटा धरून 15 वेळा टाचा उचलायच्या, मग खुर्चीवरून हात न टेकता 8-10 वेळा उठबस. जमत नसेल तर खुर्चीवर जाड उशी ठेवून उंची वाढवा, गुडघ्यावर ताण कमी येतो. आठवड्यातून दोन-तीन दिवस, एकाआड एक, भिंतीला हात टेकून ढकलण्याचा व्यायाम आणि लिटरभर पाण्याच्या बाटल्या उचलणं. जोर लावताना श्वास रोखायचा नाही. आणि हे सुरू करण्याआधी डोळ्यांचा पडदा तपासून घ्या. तिथे रक्तस्राव होऊ शकेल अशा नाजूक वाहिन्या असतील तर वजन उचलणं आणि खूप वाकणं टाळावं लागतं.

लिफ्ट असेल तर जिना चढायचा आणि उतरताना लिफ्ट घ्यायची. गुडघ्याच्या वाटीवर उतरतानाच जास्त भार येतो.

रानजाई
खूप आभार. पायांचं काय? आणि फरक पडतोय हे कसं कळेल?

औदुंबर
मुंग्या येताहेत म्हणजे खडा रुतला तरी कळणार नाही, अशी शक्यता धरूनच चला. घरातही अनवाणी नको, मागे पट्टा असलेली चप्पल घाला. बूट संध्याकाळी विकत घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. पुढे अंगठाभर जागा हवी. घालण्याआधी बूट उलटा करून झटका आणि आत हात फिरवा. रोज रात्री तळवा आरशात पाहा, बोटांच्या बेचक्यांसकट. फोड किंवा चीर दिसली तर ती भरेपर्यंत चालणं थांबवून खुर्चीतले व्यायाम करा आणि जखम डॉक्टरांना दाखवा. पायाची संवेदना नायलॉनच्या बारीक तंतूने तपासतात, ती तपासणी वर्षातून एकदा तरी मागून घ्या.

फरक बघायला एक दिवस नेहमीचं जेवण करून न चालता, दुसऱ्या दिवशी तेच जेवण तेवढंच घेऊन, पण चालून शुगर मोजा. दोन्ही वेळा पहिल्या घासापासून दोन तासांनी. हात साबणाने धुऊन कोरडे करा, बोटाला फळाचा रस लागलेला असेल तर आकडा खोटाच जास्त येतो. चालताना छातीत दडपण किंवा जबड्यात, डाव्या हातात कळ आली तर मात्र शुगर मोजत बसू नका, तडक दवाखान्यात जा.