मदत हवी आहे : लायनफिशच्या टाकीत नायट्रेट १६०च्या खाली येत नाही

खाऱ्या पाण्याची टाकी ४ × २ × २ फूट, खाली संप (फिल्टर आणि स्किमर ठेवायची दुसरी टाकी). दगड-वाळू वगळून एकूण पाणी ४५० लिटर. मासे तीन: व्होलिटन लायनफिश, स्नोफ्लेक ईल, पिकासो ट्रिगर. खाणं आठवड्यातून तीनदा, दर वेळी साधारण २५ ग्रॅम फ्रोझन सोललेली कोळंबी किंवा माकूल. दर रविवारी ४५ लिटर पाणी बदललं जातं, तेही किचनमधल्या आरओचं. फिल्टर सॉक (पाणी गाळायची कापडी पिशवी) पंधरा दिवसांनी धुतला जातो. स्किमरच्या (फेसातून घाण काढणाऱ्या यंत्राच्या) कपात आठवड्याला चहाच्या कपभर फिकट पाणी जमतं.

अमोनिया ०, नायट्राइट ०, नायट्रेट १६० पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम), पीएच ७.८, केएच (अल्कलिनिटी) ५.५, ग्रॅव्हिटी (खारेपणाचं माप) १.०२४, तापमान २६. दगडांखाली राखाडी गाळ दिसतो. नायट्रेट ४०च्या आसपास आणायचं आहे. बायोपेलेट रिअॅक्टर (नायट्रेट घेणारे जीवाणू दाण्यांवर पोसणारं उपकरण) घ्यावा का?

संपमास्तर :
रिअॅक्टर राहू द्या, आधी हिशेब बघा. आठवड्याच्या ७५ ग्रॅम कोळंबीत सुमारे १५ ग्रॅम प्रोटीन, त्यात १६ टक्के नायट्रोजन, म्हणजे २.४ ग्रॅम. त्याचं सगळं नायट्रेट झालं तर साडेदहा ग्रॅम, ४५० लिटरला जवळपास २४ पीपीएम. थोडं माशांच्या अंगी लागतं, थोडं स्किमर काढतो. आठवड्याची निव्वळ भर १६ धरू.

आता १० टक्के पाणी बदललं की नायट्रेटही १० टक्केच जातं. १६०चे १० टक्के १६. जितकं येतं तितकंच जातं, म्हणून काटा तिथे अडकलाय. सूत्र सोपं आहे: आठवड्याची भर भागिले बदललेल्या पाण्याचा वाटा. २५ टक्के बदललंत तर काटा ६४वर थांबेल. आठवड्याचं खाणं ४० ग्रॅमवर आणून २५ टक्के बदललंत तर ३४वर.

एकदा खाली आणायला दर तीन दिवसांनी २५ टक्के, असं चार वेळा: १२०, ९०, ६८, ५१. (हे चढत्या भरीशिवायचे आकडे, प्रत्यक्षात थोडे जास्त येतील.) दर वेळी ११२ लिटर आणि सुमारे ४ किलो मीठ. नवं पाणी आदल्या दिवशी कालवून पंप लावून ठेवा, तापमान आणि ग्रॅव्हिटी जुळवूनच ओता.

आणखी एक. बऱ्याच टेस्ट किटांच्या रंगपट्टीचं शेवटचं घर १६०चं असतं, त्यामुळे खरा आकडा त्याहून मोठाही असू शकतो. १ भाग टाकीचं पाणी, ४ भाग शून्य टीडीएसचं (विरघळलेले क्षार नसलेलं) पाणी घेऊन टेस्ट करा आणि उत्तराला ५ने गुणा.

खारवट :
हिशेब बरोबर, पण शिकारी माशांच्या टाकीत घाण सडण्याआधी उचलणं ही निम्मी लढाई. माशाचा बराचसा नायट्रोजन कल्ल्यांतून अमोनिया होऊन थेट पाण्यात जातो, तो सायफनने हाती लागत नाही. विष्ठा आणि उष्टं मात्र लागतं.

सॉक पंधरा दिवस ठेवणं म्हणजे कचऱ्याच्या डब्यातून पाणी गाळणं. दर दोन-तीन दिवसांनी बदला, तीन-चार सॉक आलटूनपालटून वापरा. कोळंबी वितळल्यावर निघणारं पाणी टाकीत ओतू नका, तुकडे धुऊन घ्या. सोललेल्या फ्रोझन कोळंबीला बऱ्याचदा फॉस्फेटचं पाणी लावलेलं असतं. बाजारातली ताजी, सालासकट कोळंबी बरी. सालं चावून ट्रिगरचे सतत वाढणारे दातही झिजतात. लायनफिश आणि ईलला आठवड्यातून दोनदा, लांब चिमट्याने, एकेक तुकडा. ट्रिगरला त्याच ४० ग्रॅममधून थोडं थोडं रोज. दहा मिनिटांत जे उरेल ते बाहेर.

स्किमरचा फेस फिकट का? बहुधा हवेच्या नळीच्या तोंडाशी मीठ साचलंय. नळी काढून कोमट पाण्यातून घ्या. पंपाचा इम्पेलर (आतलं फिरतं चक्र) व्हिनेगरच्या पाण्यात तासभर ठेवा, नीट धुवा. फेस चढतो ती मान आठवड्यातून दोनदा पुसा. तिथला चिकट थर फेस वर जाऊच देत नाही. स्किमरभोवती पाण्याची पातळी कंपनीने सांगितली तेवढीच आणि स्थिर ठेवा. खाणं दिल्यावर काही तास फेस बसतो, ते तेलामुळे. तेवढ्यावरून स्किमरच्या स्क्रूशी खेळू नका.

दगडांखालचा गाळ आधी छोट्या पंपाने उडवा, मग सायफन. वाळू जुनी आणि जाड असेल तर एका खेपेला चौथा भागच. काळा थर दिसला, कुजक्या अंड्याचा वास आला तर तिथे ढवळू नका. आणि हात घालण्यापूर्वी लायनफिश कुठे आहे ते बघा, शक्यतो मध्ये अॅक्रिलिकची पट्टी उभी करा. त्याचा विषारी काटा लागलाच तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात ३० ते ९० मिनिटं हात आणि लगेच डॉक्टर.

माकूलवाला :
किचनच्या आरओवर कुणी बोललंच नाही. त्यात बऱ्याचदा टीडीएस कंट्रोलर किंवा मिनरल कार्ट्रिज असतं, म्हणजे थोडं कच्चं पाणी किंवा खनिजं मुद्दाम मिसळली जातात. मीटर ६०-८० दाखवत असेल तर ते पाणी कितीही बदला, नायट्रेट-फॉस्फेटची थोडी भर चालू राहू शकते. मिक्सिंग बंद करून पुढे डीआय (उरलेले क्षार काढणारं) कार्ट्रिज जोडा, मीटरवर ० यायला हवं.

केएच ५.५ हे त्याच दुखण्याचं दुसरं टोक. अमोनियाचं नायट्रेट होताना अल्कलिनिटी खर्ची पडते. मोठे पाणीबदल झाल्यावर पुन्हा मोजा. तरी कमी असेल तर १०० लिटरला ३ ग्रॅम खायचा सोडा केएच १ने वाढवतो. तुमच्याकडे साडेतेरा ग्रॅम, दिवसाला तेवढाच, विरघळवून संपमध्ये हळूहळू.

धागाकर्ता :
स्किमरची नळी खरंच मिठाने तुंबलेली निघाली. दर आठवड्याला ४ किलो मीठ मात्र परवडणार नाही. १५ टक्के पाणीबदल आणि व्होडका डोसिंग चालेल?

संपमास्तर :
१५ टक्क्यांवर काटा ५७ला थांबेल. वरची तफावत व्होडका काढू शकते, पण स्किमरच्या कपात गडद, घट्ट मळ यायला लागल्यावरच. सुरुवात १०० लिटरला ०.१ मिली, म्हणजे तुम्हाला रोज ०.४५ मिली, इन्सुलिनच्या सिरिंजने. वाढ हळूहळू, आठवड्याला एकदा, नायट्रेट मोजूनच. व्होडका हे जीवाणूंचं खाद्य; ती मिळाली की ते नायट्रेट घेऊन वाढतात आणि स्किमर त्यांना बाहेर काढतो. ते वाढताना ऑक्सिजनही खातात. पाणी दुधाळ दिसलं किंवा मासे वर येऊन धापा टाकू लागले तर डोस बंद, एअर पंप चालू. वीज जाण्याचा दिवस असेल तर त्या दिवशी डोस नकोच, आणि बॅटरीवरचा एअर पंप हाताशी ठेवा.