बाबांच्या रिपोर्टमध्ये ४४ आलाय. आता किती वर्षं धरायची?

धायरी_फाटा:

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतीच वाचतेय, पहिल्यांदा लिहितेय. लांबेल जरा.

बाबा ५२ वर्षांचे. बुधवार पेठेत एका बाइंडरकडे तीस वर्षं कामाला होते. फर्मे जुळवणं, शिवणं, पुठ्ठा चढवणं. त्यांनी घातलेली घडी फूटपट्टी लावून बघावी अशी. पाच-सहा वर्षांपूर्वी त्यांच्या हातून खळ सांडायला लागली. मग मालकांनीच कटिंग मशीनवरून काढलं, म्हणाले, "बोटं जातील एखाद्या दिवशी." आम्हाला वाटलं, चष्म्याचा नंबर वाढलाय. नंतर बसल्या बसल्या खांदा उडायला लागला, चपलेत पायाची बोटं सारखी चाळवायची, चालताना झोक जायचा. मागच्या गणपतीत लक्ष्मी रोडवर एका पोलिसाने बाजूला घेऊन तोंडाचा वास घेतला. आयुष्यात सुपारीचं खांड न खाल्लेला माणूस. घरी आले आणि दोन दिवस बोलले नाहीत.

आधी एका डॉक्टरांनी "टेन्शन घेतात" म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. दुसऱ्यांनी वर्षभर पार्किन्सनचं औषध दिलं, त्याने अंग उडणं उलट वाढलं. शेवटी रक्ताची जनुकीय तपासणी झाली आणि हंटिंग्टन निघाला, म्हणजे आईवडिलांकडून मुलांत येणारा मेंदूचा आजार. रिपोर्टवर १७ आणि ४४ असे दोन आकडे आहेत. किती वर्षं, असं विचारल्यावर डॉक्टर दारात उभ्या उभ्याच म्हणाले, "पंधरा धरा." तोवर पुढचा पेशंट आत शिरला होता.

आजी, म्हणजे बाबांची आई, भोरकडे असायची. ५८ व्या वर्षी गेली. गावात म्हणायचे की तिच्या अंगात येतं. लोक तिच्यापुढे नारळ ठेवायचे. आता सगळं लक्षात येतंय.

ही पंधरा वर्षं कुठून मोजायची? आजपासून, की खळ सांडायला लागली तिथपासून? ४४ म्हणजे जास्त वाईट का? आणि खरा प्रश्न शेवटी लिहितेय. मी ३१ ची, भाऊ २६ चा, आणि त्याचं लग्न जमत आलंय.

रात्रपाळी:

मी न्यूरॉलॉजीत शिकतोय. तुमच्या बाबांना मी तपासलेलं नाही, त्यामुळे सर्वसाधारण तेवढंच सांगतो.

आधी ते दोन आकडे. चौथ्या गुणसूत्रावर एचटीटी नावाचं जनुक असतं. त्यात सी-ए-जी ही तीन अक्षरं एकापुढे एक अशी पुन्हा पुन्हा येतात. प्रत्येकाकडे या जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. बाबांच्या एका प्रतीत ही अक्षरं १७ वेळा आलीत, ती प्रत चांगली. दुसरीत ४४ वेळा, ती बहुधा आजीकडून आलेली. २६ पर्यंत काही नसतं. ३६ ते ३९ म्हणजे काठावर, आजार होईल किंवा नाहीही होणार. ४० आणि त्यापुढे मात्र माणूस पुरेसं जगला तर आजार होतोच. मोठेपणी आजार सुरू झालेल्या बहुतेक रुग्णांचे आकडे चाळीस ते पन्नासमध्येच असतात. ४४ त्यात काही जगावेगळा नाही.

आकडा मोठा असेल तर लक्षणं लवकर सुरू होतात, पण ही सरासरी झाली. सारखाच आकडा असलेल्या दोघांमध्ये लक्षणं सुरू होण्यात दहा-पंधरा वर्षांचा फरक पडू शकतो. रिपोर्टवरून एका माणसाचं वर्ष काढता येत नाही.

पंधरा ते वीस वर्षं असं पुस्तकात लिहिलेलं असतं ते लक्षणं सुरू झाल्यापासून. रिपोर्टच्या तारखेपासून नाही. काही जण दहा वर्षांत जातात, काही तीस काढतात. तेव्हा मोजायचंच झालं तर खळ सांडली तिथून मोजा. हे लिहिताना बरं वाटत नाहीये, पण तुम्ही सरळ विचारलंत.

तुम्ही आणि भाऊ: प्रत्येकाला हा आजार यायची शक्यता पन्नास टक्के. एकाला आला म्हणून दुसरा सुटला असं नसतं, दोघांचं नाणं वेगवेगळं उडतं. वडिलांकडून येताना आकडा कधी कधी वाढतो, हेही माहीत असू द्या. तपासणी करायलाच हवी असं मुळीच नाही. करायची तर आधी जनुकीय समुपदेशन घ्या, नुसतं लॅबमध्ये जाऊन रक्त देऊ नका. बेंगळुरूच्या निम्हान्समध्ये, म्हणजे मेंदूच्या आणि मनाच्या आजारांच्या मोठ्या हॉस्पिटलात, ही सोय आहे. पुण्यात तुमचे न्यूरॉलॉजिस्ट कुणाकडे तरी पाठवू शकतील. मूल होऊ द्यायच्या वेळी आजार पुढे जाऊ नये म्हणूनही उपाय आहेत. म्हणजे यात लग्न मोडण्यासारखं काही नाही. मुलीला न सांगता लग्न करणं मात्र मला पटणार नाही.

सदाशिव४२:

माझ्या चुलत मेव्हण्याला असंच अंग उडायचं. एका वैद्यांच्या पंचकर्माने सहा महिन्यांत खडखडीत बरा झाला. पत्ता हवा असेल तर व्यनि (खाजगी निरोप) करा.

कर्वेनगरची_काकू:

सदाशिव४२, तुमच्या मेव्हण्याला दुसरं काहीतरी असणार. आमचे सव्वा लाख गेलेत या वाटेने. तेल अंगाला चोळा, बरं वाटतं, झोप लागते. आजार जागचा हलत नाही. पोरीला पत्ता देऊ नका.

धायरी, आमचे हे बँकेत होते. ४१ व्या वर्षी सुरू झालं, साठाव्या वर्षी गेले. आता दोन वर्षं होतील. त्यातली पहिली आठ वर्षं रोज डबा घेऊन बँकेत जात होते, दर रविवारी पर्वतीही चढत होते. त्यामुळे कुणी पंधरा म्हणालं की मला विचारावंसं वाटतं, कुठली पंधरा? सगळी सारखी नसतात गं.

रात्रपाळीने आकडे सांगितले, मी स्वयंपाकघरातलं सांगते.

वजन. हेच आधी बघ. हे सतत हलणारं शरीर बसल्या जागी जळत असतं. आमचे ह्यांचं ६८ वरून ४७ झालं, आणि मी वेडी, डॉक्टरांनी कधीकाळी कोलेस्टेरॉल सांगितलं म्हणून तूप मोजून वाढत होते! दिवसातून सहा वेळा दे. साय, दाण्याचं कूट, तूप, केळं, जे जाईल ते. दर रविवारी काट्यावर उभं कर आणि कॅलेंडरवर लिही.

गिळणं. लोकांना वाटतं घट्ट पदार्थ अडकतात. अडकतात, पण खरं दगाबाज म्हणजे पाण्यासारखं पातळ. चहा घेताना ठसका लागतो का बघ. लागत असेल तर तो चहा थोडा थोडा फुप्फुसात जात असू शकतो. या आजारात माणूस बहुतेक वेळा न्यूमोनियाने जातो, हे मला कुणी आधी सांगितलं नव्हतं. ह्यांना तीनदा झाला, तिसऱ्यांदा नाही परतले. गिळायचं शिकवणारे थेरपिस्ट असतात, त्यांच्याकडे आत्ताच ने, ठसके वाढायची वाट बघू नकोस. आमच्याकडे आंबील, घट्ट ताक, पिठलं-भात एकजीव कालवून. आमटीत शितं तरंगतात तसा भात नको, एका घासात दोन प्रकार आले की जीभ गोंधळते. चुरमुरे, भडंग, बाकरवडी बंद. ह्यांना बाकरवडीचं फार वाईट वाटलं. दुधात भिजवून दिली एकदा, रागाने बघितलं माझ्याकडे. जेवताना टीव्ही बंद, पाठ सरळ, हनुवटी जराशी छातीकडे.

राग. ताट भिरकावायचे. एकदा माझ्या आईसमोर. हे आजार करतोय, माणूस करत नाहीये, हे माझ्या डोक्यात शिरायला सात वर्षं लागली. आणि उलटंही असतं, गप्प गप्प होतात. अंग उडू नये म्हणून टेट्राबेनाझिन देतात, त्याने उडणं कमी होतं, पण आमचे ह्यांचं मन त्यावर फार खचलं होतं. पोलिसाच्या प्रसंगानंतर दोन दिवस बोलले नाहीत म्हणतेस, ते डॉक्टरांना आवर्जून सांग. जगण्यात राम नाही असं काही बोलले तर त्याच दिवशी फोन कर.

अपंगत्वाचं कार्ड काढून घे. २०१६ च्या कायद्यात दीर्घकालीन मज्जासंस्थेचे आजार येतात. पोलिसाला दाखवायलासुद्धा उपयोगी पडेल.

माझ्या थोरल्याने तपासणी करून घेतली, धाकटीने नाही. थोरल्याचं काय आलं ते इथे लिहीत नाही. धाकटीचा पेला हातातून निसटला की घरात सगळे क्षणभर गप्प होतात, मग तीच म्हणते, "साबण होता हाताला." चालतं हे असं.

धायरी_फाटा:

काकू, रात्रपाळी, दोघांचे आभार. चार दिवस उत्तर द्यायला जमलं नाही.

भावाला सांगितलं. घरात नको म्हणून सिंहगड रोडला रसाच्या गुऱ्हाळात नेलं. त्याने ग्लास संपवला, दुसरा मागवला आणि तोही संपवला. मग म्हणाला, "आधी तिला सांगतो. टेस्टचं ती काय म्हणते ते ऐकून." शनिवारी भेटतायत. माझं मी अजून ठरवलेलं नाही.

बाबांचं वजन केलं, ५१. दोन वर्षांपूर्वीच्या एका कागदावर ५९ आहे. चहालाही ठसका लागतो, इतकी वर्षं आम्ही "सावकाश प्या हो" म्हणून सोडून देत होतो.

काल चहाऐवजी नाचणीची आंबील दिली. बाबांनी वाटी वाकडी करून बघितली, चमच्याने धार सोडली. म्हणाले, "खळ बरी जमलीये. पण जरा पातळ कर, पुठ्ठा फुगेल."

पातळ केली नाही. सगळी प्यायले.