पेढीचे नंबर दुसऱ्या मोबाइल कंपनीकडे नेताना

प्रश्न (सियागंज, इंदूर)
आमच्या घाऊक किराणा पेढीचे सहा मोबाइल नंबर आणि एक लँडलाइन पेढीच्याच नावावर आहेत. बिलबुकावर आणि गोण्यांच्या चिठ्ठ्यांवर हेच नंबर छापलेले असल्यामुळे, ते कायम ठेवून कंपनी बदलायची आहे. सगळे एकदम नेता येतील का?

उत्तर (राजवाडा)
मोबाइल नंबर नेता येतील. लँडलाइन मात्र नाही, कारण आपल्याकडे ही सोय फक्त मोबाइलला आहे. पेढीच्या नावावरील नंबरांसाठी अधिकृत स्वाक्षरीकर्त्याचे पत्र लागते आणि एका पत्रावर १०० पर्यंत नंबर चालतात. वैयक्तिक नंबराला त्याच सर्कलमध्ये (म्हणजे मोबाइल सेवेच्या त्याच विभागात) ३ कामाचे दिवस लागतात, पेढीच्या नंबरांना ५. आधी जुनी बिले चुकती करा, कारण थकबाकी हे अर्ज फेटाळण्याचे वैध कारण आहे, आणि मुदतीचा करार असेल तर त्यातील बाहेर पडण्याची अटही नीट वाचा.

उत्तर (पलासिया)
नंबर नेण्यासाठी १९०० वर एसएमएस केल्यावर येणारा आठ अक्षरी कोड मध्य प्रदेशात ४ दिवसच चालतो, म्हणून कागदपत्रे तयार असल्याशिवाय तो मागवू नये. एखादे सिम नुकतेच बदलून घेतले असेल, तर १ जुलै २०२४ पासूनच्या नियमानुसार ७ दिवस कोड मिळत नाही.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. लँडलाइन तशीच ठेवून तिचे कॉल मोबाइलवर वळवून घेतो.

उत्तर (राजवाडा)
योग्य आहे. बदलाच्या वेळी सेवा थोडा वेळ खंडित होते, तेव्हा जीएसटी विवरणपत्राची शेवटची तारीख टाळा. कारण विवरणपत्र भरतानाचा ओटीपी त्याच नंबरावर येतो.