मदत हवी आहे: डाय हाऊसमधला विषारी वायू नेमका कुठून येतो, हे सेन्सर लावून कसं शोधावं?

नमस्कार मंडळी,

सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसीत आमचं सूत रंगवायचं छोटं युनिट आहे. पुढे डाय हाऊस, बाजूला बॉयलर, मागे टॉवेलच्या घडीचा आणि पॅकिंगचा हॉल. सडक्या अंड्यासारखा वास डाय हाऊसमध्ये फारसा येत नाही, मागे पॅकिंगमध्ये येतो, आणि तोही सल्फर ब्लॅक या काळ्या रंगाचा लॉट लागला की. तिथल्या एक अक्का डोळे चोळत नळावर येतात, पाण्याचे हबके मारतात आणि परत जाऊन घडीला बसतात. थोड्या वेळाने विचारलं तर म्हणतात, "आता नाही येत वास." मला त्याचीच धास्ती वाटते. असा वास हायड्रोजन सल्फाईड वायूचा असतो. त्याने नाक बधिर होतं, 100 पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत 100 भाग) आसपास तर वास कळेनासाच होतो. त्यामुळे वास गेला म्हणजे वायू गेला, असं धरून चालता येत नाही.

माझी अटकळ अशी: सल्फर ब्लॅकच्या पाण्यात सोडियम सल्फाईड असतं. शेजारच्या मशीनवर रिॲक्टिव्ह रंगाचं सूत ॲसिटिक ॲसिडने न्यूट्रल करतात. दोन्हीचं पाणी एकाच झाकलेल्या गटारीत जातं. सल्फाईडला ॲसिड मिळालं की हा वायू सुटतो. तो हवेपेक्षा थोडा जड, म्हणून गटारीतूनच पुढे सरकून पॅकिंगमधल्या जाळीतून वर येत असावा. पण त्याच छपराखाली ओल लागलेल्या हायड्रोचा (सोडियम हायड्रोसल्फाईट) सल्फर डायऑक्साईड, ब्लीचिंगच्या हायपोचा (सोडियम हायपोक्लोराईट) क्लोरीन आणि बॉयलरचा कार्बन मोनॉक्साईडही असू शकतो. मोनॉक्साईडला तर वासच नाही. मे 2025 मध्ये आमच्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याला आग लागून आठ जण गेले. तेव्हापासून धूर, वायू म्हटलं की पोटात गोळा येतो.

इंजिनिअरिंगला असलेला भाचा एमक्यू-136 (हायड्रोजन सल्फाईडसाठी) आणि एमक्यू-7 (मोनॉक्साईडसाठी) हे सेन्सर लावू म्हणतो. स्वस्त आहेत, मान्य. पण हे सेन्सर दमटपणा आणि तापमानाने हलतात, दुसऱ्या वायूंनाही भुलतात. डाय हाऊसची वाफ आणि सोलापूरचा एप्रिल, यात त्यांच्या आकड्यावर माणसांचा जीव सोपवायची माझी तयारी नाही. रासायनिक क्रियेतून वायू मोजणारे इलेक्ट्रोकेमिकल सेन्सर महाग पडतात, दोन-तीन वर्षांत बदलावे लागतात, पण घ्यायचे तर तेच, असं माझं मत झालंय. एका विक्रेत्याने 10.6 इलेक्ट्रॉन व्होल्ट दिव्याचा पीआयडी (अतिनील दिव्याने वायू ओळखणारा सेन्सर) सुचवला. त्याला मोनॉक्साईड, क्लोरीन, सल्फर डायऑक्साईड यांतलं काहीच दिसत नाही, म्हणून तो बाद केला.

खरी अडचण जागा शोधायची आहे. हॉलमध्ये दोन मोठे पंखे आणि एक कूलर. जिथे आकडा सगळ्यात जास्त, तिथेच उगम असेल असं नाही, हवा वायूला भलत्याच कोपऱ्यात नेऊन सोडते. उदबत्ती धरून पाहिलं, धूर जाळीपासून थेट घडीच्या टेबलाकडे ओढला जातो. माझा विचार असा: प्रत्येक जाळीजवळ एक सेन्सर, सगळ्यांचं घड्याळ एक, आणि आधी कोणाचा आकडा चढतो ते बघायचं. पण सेन्सरलाच पूर्ण आकडा दाखवायला अर्धं मिनिट लागतं. एवढ्या लहान हॉलमध्ये तोवर वायू सगळीकडे पसरलेला असेल, मग पहिला कोण ते कळणार कसं? की पंखे बंद ठेवून, एकेक जाळी झाकून बघणं जास्त खात्रीचं?

दुसरं, उंची. जाळीजवळचा सेन्सर उगमासाठी ठीक, पण अक्का खाली बसून काम करतात, तर अलार्मचा सेन्सर बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीवर हवा ना? हायड्रोजन सल्फाईडची कायद्यातली मर्यादा आठ तासांना 10 पीपीएम आणि थोड्या वेळासाठी 15 आहे. पहिला अलार्म 5 लाच ठेवला तर उगाच वाजत राहील का?

तूर्त ॲसिडचं पाणी वेगळ्या ड्रममध्ये घेतोय, पॅकिंगची माणसं पुढच्या व्हरांड्यात बसवलीत, आणि गटारीचं चेंबर उघडून कुणीही आत वाकायचं नाही अशी सक्त ताकीद दिलीय.

इचलकरंजी, भिवंडीकडच्या प्रोसेस हाऊसमध्ये कुणी अशी यंत्रणा बसवली असेल तर किती सेन्सर लागले आणि सेन्सर बरोबर दाखवतो का ते तपासायचा गॅस कुठून आणता, तेवढं नक्की सांगा.